लॅग नेमका कुठे आहे? गावाकडच्या पीसी गेमरसाठी तपासणीचा क्रम

शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, यूट्यूब झकास चालतं, तरी व्हॅलोरंटमध्ये पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, दोनशेवर उड्या मारतो. ही तक्रार वणीपासून वरुडपर्यंत सारखीच असते. मग दोनशेचा प्लॅन घेतला जातो आणि पिंग जिथल्या तिथे राहतो. गोळीबाराच्या बहुतेक ऑनलाइन गेमना एक एमबीपीएसच्या आसपासच डेटा लागतो. त्यांना हवं असतं ते प्रत्येक पॅकेटने, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याने, वेळेवर पोहोचणं, आणि ते प्लॅनच्या आकड्यात लिहिलेलं नसतं. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतं, म्हणून मध्ये दोन सेकंद नेट गेलं तरी कळत नाही. गेमला तसं करता येत नाही, कारण समोरचा खेळाडू अजून हललेलाच नसतो.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी अडचण पीसीत आहे, घरातल्या वायफायमध्ये आहे, गावातल्या नेटच्या वायरीत आहे की त्याच्याही पुढे, हे ठरवा. खालचा क्रम आतून बाहेर जातो. मधली पायरी गाळली तर बहुधा परत तिथेच यावं लागतं.

## आधी आकडे दिसू द्या

गेममध्येच आकडे दाखवण्याची सोय असते. व्हॅलोरंटमध्ये सेटिंग्ज, व्हिडिओ, स्टॅट्स इथे जाऊन क्लायंट एफपीएस (सेकंदाला किती चित्रं निघतात), नेटवर्क आरटीटी (म्हणजेच पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) हे तीन चालू करा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये गेम सेटिंगमधल्या टेलिमेट्री भागात हेच मिळतं. आता अडकलं की चिडण्याऐवजी त्या क्षणी कोणता आकडा हलला ते बघा.

एफपीएस १२० वरून ४० वर आला आणि पिंग स्थिर राहिला, तर दोष पीसीचा. इंटरनेटवाल्याला फोन करू नका. पिंग कायम ९० आहे, हलत नाही, पण गोळी उशिरा लागते, तर सर्व्हर दूरचा आहे किंवा रस्ता लांबचा आहे. पिंग ३० वरून २५० वर जाऊन परत येतो, खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारताना दिसतात, आपणच चार पावलं मागे ओढले जातो, तर तो जिटर (पिंगची चढउतार) किंवा पॅकेट लॉस. गावाकडे सगळ्यात जास्त त्रास या तिसऱ्या प्रकाराचा असतो.

खात्री करायची सोपी रीत: काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बॉट (संगणकाने चालवलेले खेळाडू) लावून ऑफलाइन सामना खेळा. तिथेही अडखळलं तर इंटरनेटचा संबंधच नाही.

## पीसी: उन्हाळा, कापूस आणि एकच रॅम

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या छताखालची खोली दुपारी चुलीसारखी होते. खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही वर सरकतो. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत ९० च्या पुढे जाणार. बहुतेक रायझन ९५ च्या आसपास आणि बहुतेक इंटेल १०० च्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. म्हणून पहिली दहा मिनिटं गेम छान चालतो आणि नंतर अडखळतो. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून अर्धा तास खेळा. त्यात थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग कमी करणं) यासमोर ‘येस’ आलं की कारण सापडलं.

आता केबिनेट उघडा. ज्या घरात भाव वाढायची वाट पाहत कापूस साठवलेला असतो, तिथे त्याचे तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. पंखा फिरतो, पण हवा आरपार जात नाही. पीसी बंद करा, प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रश व छोट्या ब्लोअरने साफ करा. पातं मोकळं सोडलं तर ते वेगाने गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका, त्या टाकीतलं पाणी आणि तेल हवेबरोबर थेट बोर्डावर येतं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट तीन-चार वर्षं जुनी असेल तर पुसून नवीन लावा. तुरीच्या दोन दाण्यांएवढी पुरते.

कूलर वापरा, पण त्याचा झोत सरळ केबिनेटवर सोडू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात त्या पाण्यात मीठ असतं. वाळल्यावर तेच बोर्डावर पांढरं दिसतं आणि पुढे गंज धरतो. कूलर खिडकीत, समोरची खिडकी किंवा दार उघडं आणि पीसी झोताच्या बाजूला, अशी मांडणी ठेवा. शिवाय एफपीएसला मर्यादा घाला. मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा असेल तर २०० फ्रेम काढून नुसती उष्णता वाढते. गेमच्या सेटिंगमध्ये १०० ची मर्यादा घातली तरी तापमान चांगलंच उतरतं आणि खेळ आधीपेक्षा सलग वाटतो. २०० आणि ६० मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ९० केव्हाही बरे.

बाकी गोष्टी पटकन तपासता येतात. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डालाच लावलेली हवी. जुना पीसी विकत आणला की ही चूक फार होते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ दोनपैकी एक दिसत असेल, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर ८ जीबीची दुसरी तशीच रॅम लावा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे एकाऐवजी दोन काड्यांनी होणारा फरक डोळ्यांना दिसतो. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर नवा भाग लोड होताना झटका बसणारच. साटा एसएसडी पुरेशी आहे. लॅपटॉपवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि एफपीएस निम्म्यावर येतो. तो बिघाड नाही, बॅटरीवर ताकद मर्यादित ठेवणं ही त्याची रचनाच आहे.

## वीज

रब्बीत मोटारपंप सुरू झाले की ज्या डीपीवर भार जास्त, तिथलं व्होल्टेज २३० वरून पार १७०-१८० पर्यंत खाली येतं. चांगला एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण स्वस्त नगांवर बऱ्याचदा २०० ते २४० एवढंच छापलेलं असतं. गेममध्ये ग्राफिक्स कार्डाने जोर घेतला की असा पीसी कोणताही संदेश न देता रीस्टार्ट होतो, आणि लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात. एसएमपीएसवरचं लेबल वाचा, मल्टिमीटरने सॉकेटचं व्होल्टेज संध्याकाळी सातला मोजा.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत करू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर तो प्युअर साइनवेव्ह असावा. स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरवर ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ लिहिलेले एसएमपीएस गुणगुणतात किंवा बंद पडतात.

केबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह बॉडीवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, ते गेमसाठी नाही तर जिवासाठी.

नेटच्या डब्याला, म्हणजे राउटरला, मात्र आधी आधार द्या. त्याच्या ॲडॉप्टरवर बहुधा १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर लिहिलेलं असतं. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. तरीही लाइट गेल्यावर नेट जात असेल, तर केबलवाल्याला विचारा की गावात फायबर थेट घरापर्यंत आहे की मध्ये कुणाच्या तरी घराच्या विजेवर चालणारा स्विच लावलाय. शुद्ध फायबरच्या जोडणीत मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. मधला स्विच असेल तर तुमच्या यूपीएसने काहीच होणार नाही.

## तीन खिडक्यांची चाचणी

विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी लिहून एंटर दाबा. काळी खिडकी उघडली की त्यात आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो पत्ता दिसतो, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.२९.१ यांसारखा, तो तुमच्या राउटरचा. मग ट्रेसर्ट ८.८.८.८ ही आज्ञा द्या. येणाऱ्या यादीत पहिली ओळ राउटरची आणि दुसरी बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीच्या पहिल्या यंत्राची. तो दुसरा पत्ता लिहून घ्या.

आता तीन काळ्या खिडक्या उघडा. एकीत पिंग, मग राउटरचा पत्ता, मग -टी. दुसरीत तसंच कंपनीच्या यंत्राचा पत्ता घालून. तिसरीत ८.८.८.८. (टंकताना अर्थातच सगळी अक्षरं आणि अंक इंग्रजी.) तिन्ही चालू ठेवून वीस मिनिटं गेम खेळा, मग प्रत्येक खिडकीत कंट्रोल आणि सी दाबा. शेवटी किती पॅकेट हरवली आणि कमाल वेळ किती, ते छापून येतं.

राउटरच्या खिडकीतच ५०-१०० मिलिसेकंदांच्या उड्या असतील तर दोष घरातला. वायरने जोडलेल्या पीसीला इथे एक मिलिसेकंदापेक्षा कमी दिसायला हवं. राउटर स्वच्छ आणि कंपनीच्या यंत्रापासून बिघाड सुरू, तर दोष गावातल्या वायरीचा किंवा टॉवरचा. पहिल्या दोन स्वच्छ आणि तिसरीतच बिघाड, तर तो कंपनीच्या पुढच्या रस्त्यावर. कंपनीचं यंत्र पिंगला उत्तरच देत नसेल तर ती खिडकी सोडून द्या. ट्रेसर्टच्या यादीत मध्येच तारे दिसले तरी घाबरू नका. पुष्कळ यंत्रं अशा चौकशीला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तोटा मध्ये सुरू होऊन शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो खरा.

ही चाचणी सकाळी सहाला आणि रात्री नऊला, अशी दोनदा करा. फक्त रात्री बिघडत असेल तर गर्दीचा प्रश्न आहे आणि त्यावर घरातला कोणताही उपाय चालत नाही.

## घरातली जोडणी

वायफायवर गेम खेळू नये, एवढं एक केलं तरी निम्म्या तक्रारी संपतात. मातीच्या जाड भिंती, टिनाचं छत, राउटरसमोर ठेवलेली धान्याची पत्र्याची कोठी, या सगळ्यांनी लहरी अडतात किंवा परततात. नाइलाज असेल तर राउटर उंचावर मोकळा ठेवा आणि त्याच खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. एक भिंत ओलांडायची असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झ घ्या आणि चॅनल १, ६ किंवा ११ पैकी सगळ्यात रिकामा निवडा.

लॅन केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या, शंभर मीटरपर्यंत दोन्ही चालतात. दुकानात ‘सीसीए’ लिहिलेली स्वस्त केबल देतात, ती आतून ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. वाकवली की तुटते. शुद्ध तांब्याची मागा.

इथे एक बिघाड असा होतो की तो भल्याभल्यांना सापडत नाही. केबलला जॅक लावणारा माणूस रंग जोडीजोडीने सरळ बसवतो: नारिंगीची जोडी, हिरवीची, निळीची, तपकिरीची. दोन्ही टोकांना सारखंच असल्यामुळे टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण केबलमधल्या प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून ठेवलेल्या असतात, आणि तिसऱ्या व सहाव्या पिनेवर एकाच जोडीच्या दोन तारा यायला हव्यात. तशा आल्या नाहीत की सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपतो आणि पॅकेट हरवतात. बरोबर क्रम असा, जॅकची खिट्टी खाली ठेवून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅक पारदर्शक असतो, उचलून बघा.

दोन घरांमध्ये लॅन केबल उघड्यावरून ओढू नका. मृगाच्या आधीच्या वादळात जवळ वीज पडली की तांब्यातून येणारा झटका राउटर आणि मदरबोर्ड दोन्हीचे पोर्ट जाळतो. बाहेरून न्यायचं तर फायबर न्या, त्यातून वीज वाहत नाही.

केबल ठीक आहे, तरी घरात कुणी काही अपलोड करायला लागलं की पिंग चढतो का? भावाच्या फोनमधून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत असतात आणि तुमची छोटी पॅकेट त्या रांगेत मागे उभी राहतात. फास्ट डॉट कॉमवर चाचणी करून जास्तीची माहिती उघडा. रिकाम्या वेळचा आणि भाराखालचा असे दोन लेटन्सीचे (म्हणजे पिंगचेच) आकडे दिसतील. दुसरा पहिल्यापेक्षा पन्नास-साठने जास्त असेल तर रांगेचाच दोष. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (रांग सांभाळणारी सोय) असेल तर अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. ती सोय नसेल तर फोनमधला फोटोंचा बॅकअप रात्री उशिरावर टाका, स्टीमच्या डाउनलोडला मर्यादा घाला आणि विंडोजमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद करा. ते विंडोजचे अपडेट तुमच्या पीसीवरून इतरांनाही पाठवू शकतं.

## फायबर आणि टॉवर

फायबरच्या डब्यावर पॉन दिवा हिरवा आणि स्थिर हवा. एलओएस लाल लुकलुकतोय म्हणजे प्रकाशच येत नाही. या दोन टोकांच्या मधली अवस्था जास्त छळते: दिवा हिरवा, पण प्रकाश क्षीण. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. उणे १५ ते उणे २४ डीबीएम उत्तम, उणे २७ च्या खाली गेलं की पॅकेट हरवायला लागतात.

प्रकाश का घटतो? कुटाराने वरपर्यंत भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावरून गेलेली वायर ओढून नेतो, वानरं तिच्यावर झोके घेतात, घरात उंदीर कुरतडतात, नाहीतर खिळ्याभोवती कुणीतरी घट्ट वळसा दिलेला असतो. वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको. तुटलेली वायर यंत्राने वितळवून जोडली तर एका जोडाला ०.१ डीबीच्या आसपास किंवा कमीच नुकसान होतं, हाताने बसवायच्या फास्ट कनेक्टरला ०.३ ते ०.५. अशा पाच-सहा डागडुज्या झाल्या की आकडा घसरलेलाच असतो. तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. आरएक्स पॉवर किती, दुसऱ्या खिडकीत किती टक्के पॅकेट हरवली, किती वाजता, हे फोटोसह पाठवा. लाइनमन मग राउटर बंद-चालू करून परत जात नाही.

जिथे फायबर नाही तिथे फोर-जी, फाइव्ह-जी. फोन वायफाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने जोडा, एक अस्थिर टप्पा कमी होतो. सिग्नलच्या काड्या बघू नका, सिग्नल मोजणाऱ्या ॲपमध्ये आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) बघा: उणे ९० पर्यंत चांगला, उणे ११० च्या खाली खेळायची आशा सोडा. फोन माळ्यावर किंवा गच्चीवर नेला तर दहा-पंधरा डीबीचा फरक सहज पडू शकतो. एअरफायबरची बाहेरची पेटी टॉवरकडे तोंड करून आणि झाडाच्या आडोशाबाहेर हवी. उन्हाळ्यात छान चाललेलं कनेक्शन पावसाळ्यात मधला कडुनिंब ओल्या पानांनी गच्च झाला की बिघडतं. दुसरी कंपनी घेण्याआधी शेजाऱ्याच्या सिमवर रात्री नऊला तीन खिडक्यांची चाचणी करून बघा.

## दूरचा सर्व्हर, आणि न चालणारे उपाय

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७ मिलिसेकंद. वायर सरळ जात नाही आणि मध्ये यंत्रं असतात, म्हणून चांगल्या फायबरवर मुंबईला २० ते ४० अपेक्षित धरा. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, काउंटर-स्ट्राइक २ चे मुंबई आणि चेन्नईत. गेममध्ये सिंगापूर निवडलेलं असेल तर ६० ते १०० येणारच, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

डीएनएस बदलल्याने गेममधला पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त जोडणीच्या सुरुवातीला नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत टीसीपीच्या नोंदी बदलायला सांगणारे व्हिडिओही सोडून द्या, असे गेम यूडीपी या डेटा पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीवर चालतात. पैसे घेऊन पिंग कमी करणारी सॉफ्टवेअर क्वचित उपयोगी पडतात, तीही तिसऱ्या खिडकीतच दोष असेल तेव्हा. फुकटची मुदत असेल तरच बघा.

जीटीए ऑनलाइनसारख्या, खेळाडूंचे पीसी एकमेकांना थेट जोडणाऱ्या गेममध्ये मित्राच्या गेममधल्या खोलीत (लॉबीत) शिरताच येत नसेल, तर तो लॅग नसून नॅटचा, म्हणजे अनेकांनी एकच बाहेरचा पत्ता वापरण्याचा, प्रश्न आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवलंय. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा बाहेरचा पत्ता, मागा, किंवा ज्याच्याकडे तसा पत्ता आहे त्या मित्राला खोली उघडायला सांगा.